अप्पांच्या कानांची तपासणी

अप्पा बोट वर करत होते आणि विद्यापीठातल्या टिपणीसबाईंचा विद्यार्थी कागदावर खुणा मांडत होता.

कालिकामातेच्या देवळामागच्या सभागृहात दारं-खिडक्या लावून आम्ही बसलो होतो. बाहेर सगळी तांबट आळी चिडीचूप. ती शांतता मी मिळवली होती बरं का. सकाळी दहा ते बारा कुणीही तांब्यावर हातोडा टाकायचा नाही, असं घरोघर जाऊन सांगितलं होतं, आणि दोन घरी तर चांगलं कडाक्याचं भांडून आले होते. माझं तोंड पहिल्यापासूनच फटकळ. म्हणून तर आळीनं विद्यापीठाशी बोलायला मला पुढे केलं होतं.

अप्पांच्या कानांवर ते काळे जाडजूड गोळे बसवले होते. त्यांतून बारीक शिट्टीसारखा आवाज येतो, तो आला की बोट वर करायचं, एवढीच परीक्षा. अप्पा डोळे मिटून, पाठ ताठ ठेवून बसले होते. बोट वर, बोट खाली. चेहरा असा शांत की पूजेला बसलेत असं वाटावं. भिंतीकडच्या बाकावर मी आणि आई. आईनं माझा हात धरला होता आणि तिला हसू येत होतं, कारण आमचे अप्पा ठार बहिरे. खांद्याला हात लावल्याशिवाय त्यांना हाक कळायची नाही.

जयदीप खंडागळे त्या विद्यार्थ्याचं नाव. पोरगा कष्टाळू, सकाळपासून हा त्याचा सातवा माणूस. त्यानं गोळे काढले, कागद आमच्यापुढे धरला आणि म्हणाला, "काकू, काकांचे कान उत्तम आहेत. या वयात इतके चांगले कान आम्हाला बघायला मिळत नाहीत."

आई म्हणाली, "अहो, पण यांना ऐकू येत नाही."

"येतं. बघा ना, एकही आवाज चुकला नाही." मग तिची समजूत काढावी तसा हसून म्हणाला, "कधी कधी काय होतं, ऐकू येतं, पण माणूस लक्ष देत नाही. घरोघरी असतं ते."

मी हसले. मला वाटलं, आईही हसेल. तिनं माझा हात सोडला, पदर सारखा केला आणि दार उघडून बाहेर गेली. अप्पा मागून विचारत राहिले, काय झालं, पास ना मी? बहिऱ्या माणसाचा आवाज, सगळ्या सभागृहात घुमला. मी मान हलवून हो म्हटलं. ते खुशीत उठले.

या गोष्टीला आता सत्तावीस वर्षं झाली. तेव्हा मी तेहतीस वर्षांची. माझं माहेरही तांबट आळीतच आणि सासरही तिथलंच, चार घरांचं अंतर. आळीत तेव्हा चाळीसएक घरांतून बंब, घंगाळं, हंडे घडायचे. भांडं घडलं की त्यावर लहान हातोड्यानं ठोक्याशेजारी ठोका घालत जायचं, त्याला आम्ही मठार म्हणतो. त्यानं भांड्याला बळकटी येते आणि चमकही. दिवसाला हजारो ठोके, आणि तेही बंद खोलीत. तिशीत माणूस 'काय?' म्हणायला लागायचा, चाळिशीत तेही विचारायचं सोडून द्यायचा. आम्हाला यात काही वावगं वाटत नव्हतं. तांबट म्हटला की बहिरा, एवढं सरळ.

विद्यापीठाच्या कानाच्या विभागातल्या डॉक्टर टिपणीस पहिल्यांदा आल्या तेव्हा मी त्यांना देवळाच्या पायरीवरच अडवलं होतं. म्हटलं, बाई, याआधी दोनदा लोक येऊन गेले. एकांनी रक्त नेलं, एकांनी फोटो नेले. पुन्हा तोंड दाखवलं नाही. तुम्हाला आमचे कान हवेत तर आमच्या अटी ऐका. जे सापडेल ते आधी आम्हाला सांगायचं, मराठीत सांगायचं, आणि तपासणी झाल्या जागीच, घरच्या माणसांसमोर सांगायचं. कागदावर खोटा शब्द चालणार नाही. बाई बारीक अंगाच्या, पिकल्या केसांच्या, एकही शब्द मध्ये न बोलता त्यांनी सगळं लिहून घेतलं आणि खाली सही केली. मला म्हणाल्या, तुम्हीही सही करा, हे काम आपलं दोघींचं आहे. मी सही केली. मला छातीवर लावायला एक बिल्लाही मिळाला, त्यावर 'आळी प्रतिनिधी' असं छापलेलं. तो लावून मी आळीत अशी फिरायचे की सासूबाई म्हणायच्या, कलेक्टरीणबाई आल्या.

बाईंचं म्हणणं साधं होतं. कारखान्यातल्या कामगाराचे कान गेले तर तो कामाचा आजार म्हणून लिहिला जातो, त्याला कानात घालायचं यंत्र मिळतं, उपचार मिळतात. घरात बसून तांबं ठोकणाऱ्याचे गेले तर कोणी विचारत नाही. आळीतल्या सगळ्यांची तपासणी होऊन पक्का कागद हातात आला की त्या तो सरकारपुढे ठेवणार होत्या, आणि देवळाशेजारच्या खोलीत कानाचा दवाखाना बसवणार होत्या.

आणि तपासणीत निघालं काय, तर आमचे कान उत्तम.

पहिल्या दोन दिवसांत तेवीस जण झाले. बाई त्या आठवड्यात परगावी गेल्या होत्या, जयदीप एकटाच यायचा. तेविसांतले एकोणीस पास. आळीत आनंदीआनंद. माणसं एकमेकांना हातवारे करून सांगत होती की आपले कान शाबूत आहेत. मला खरं तर तेव्हाच शंका यायला हवी होती. पण यंत्र खोटं बोलेल असं कशाला कोणाच्या मनात येईल? मला वाटलं, आम्हीच इतकी वर्षं उगाच स्वतःला बहिरे समजत होतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी माहेरी डोकावले. खाली अप्पा कामाला बसलेले. त्यांनी मला वर जा अशी खूण केली, आणि कपाळाला आठी घालून दोन्ही हात उलटे केले, म्हणजे तिला काय झालंय मला माहीत नाही. वर आई लुगडी पिशवीत भरत होती. मी विचारलं, कुठे निघालीस? म्हणाली, मामाकडे. किती दिवस? म्हणाली, ते अजून ठरवलं नाही.

आमच्या घरात आई दिवसभर अप्पांशी बोलायची. त्यांना ऐकू येत नाही हे माहीत असून बोलायची. भाजी चिरताना, धुणं वाळत घालताना, त्यांच्या पाठीमागे उभी राहून. आम्ही तिची चेष्टा करायचो. ती म्हणायची, त्यांना ऐकू येत नाही म्हणून मी मुकी होऊ का? दोन दिवस ती त्यांच्याशी एक अक्षर बोलली नव्हती.

"आई, झालंय काय तुला?"

ती पिशवीची गाठ मारत राहिली. मग म्हणाली, "सिंधू, कुंदाच्या वेळेला मी त्यांना सात हाका मारल्या होत्या."

 कुंदा माझी धाकटी बहीण, माझ्यानंतर पंधरा वर्षांनी झालेलं शेंडेफळ. चार वर्षांची असताना ताप डोक्यात जाऊन तिला आकडी आली. ही गोष्ट त्या दिवसाच्या चौदा वर्षं आधीची. माझं नुकतंच लग्न झालं होतं. दुपारची वेळ, सगळी आळी कामात. त्या वेळेला आळीत असा आवाज असायचा की बाई गळा काढून रडली तरी शेजारी कळू नये. आई माडीवर पोरीला मांडीत धरून बसलेली. पोर हातपाय ताठ करत होती, दातखीळ बसलेली, तिला खाली टाकून जिना उतरायची आईची छाती झाली नाही. खाली अप्पा आणखी दोघांबरोबर मोठा बंब ठोकत होते. तिनं वरून हाका मारल्या. अप्पा वर आले तेव्हा सगळं संपलं होतं. मी चार घरं पलीकडे होते. मलाही ऐकू आलं नाही.

आईनं तेव्हा अप्पांना एका शब्दानं बोल लावला नव्हता. आल्यागेल्याला सांगायची, त्यांचा काय दोष, त्यांना ऐकूच येत नाही.

"चौदा वर्षं मी त्या एका गोष्टीवर जगले," ती म्हणाली. "ऐकू आलं नाही म्हणून आले नाहीत. आता तो मुलगा म्हणतो, ऐकू येतं, लक्ष देत नाहीत. मग त्या दिवशी काय होतं? मला एवढंच कळू दे. नाहीतर मी या घरात पाणी पिऊ शकत नाही."

मी तिला म्हटलं, मशीन चुकलं असेल. ती म्हणाली, तूच तर म्हणाली होतीस, कागदावर खोटं काही यायचं नाही.  कशीबशी गळ घातली की चार दिवस थांब, आणि पिशवी माझ्याकडे घेऊन ठेवली. जिना उतरताना अप्पांनी मला थांबवून विचारलं, काय म्हणते ती? मी हातानं सांगितलं, काही नाही. माझ्या हातानं तेव्हा काय सांगितलं असेल देव जाणे, त्यांनी मान खाली घालून हातोडा उचलला.

दुसऱ्या दिवशी सभागृहात काशीकाका वडक्यांची पाळी होती. काशीकाका म्हणजे अप्पांचे जोडीदार, अप्पांहून बहिरे. मी जयदीपच्या मागे उभी राहून बघत होते. काकांनी डोळे मिटले, बोट वर-खाली सुरू झालं. तेवढ्यात वीज गेली. पंखा थांबला, यंत्रावरचा दिवा विझला. जयदीप हात बाजूला घेऊन बसला.

काशीकाकांचं बोट वर गेलं. खाली आलं. पुन्हा वर गेलं.

मी मोजलं. बंद यंत्राला त्यांनी सहा वेळा बोट वर केलं. मला आधी फिस्सकन हसू आलं, मग ते पास झालेले एकोणीस जण आठवले. मी त्यांच्या कानावरचे गोळे काढले, समोर बसले आणि ओठ मोठे करून विचारलं, काका, बोट कशाला वर करत होता?

"माझी पाळी येत होती ना," ते म्हणाले.

हे ज्यानं तांब्याचं काम केलेलं नाही त्याला समजायचं नाही. मोठं भांडं तिघं मिळून ठोकतात. एकाचा हातोडा पडला की दुसऱ्याचा, मग तिसऱ्याचा, पुन्हा पहिल्याचा. आपली वेळ चुकली तर समोरच्याची बोटं ठेचतात. पोरवयापासून अंगात हेच भिनवलेलं असतं की कानानं ऐकायचं नाही, नजरेनं बघत बसायचं नाही, आपली पाळी आली की हात आपोआप उठला पाहिजे. काशीकाकांना सुरुवातीला यंत्रातला मोठा आवाज दोन-चारदा जाणवला, अंतर समजलं, आणि मग आवाज बारीक होत होत नाहीसा झाला तरी हात उठत राहिला. फसवायचं कुणाच्या मनातही नव्हतं. त्यांना परीक्षा हीच वाटली होती.

जयदीपनं कपाळावर हात मारला. म्हणाला, आवाज मागेपुढे करून द्यायचे असतात, कधी लवकर, कधी थांबून. आम्हाला शिकवलंय तसं. पण एकामागून एक माणसं होती, माझा हात एका लयीत पडत गेला. मी त्याला फाडून खाणार होते. त्याच्या तोंडाकडे बघून राग गिळला. एवढंच म्हटलं, माझी आई घर सोडून निघाली होती बाबा, तुझ्या एका वाक्यावर.

टिपणीसबाई परत आल्या त्या दिवशी मी त्यांच्या खोलीत जाऊन उभी राहिले आणि सगळं बोलून टाकलं. कुंदाचंही सांगितलं. त्या ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "चूक माझी आहे. शिकाऊ मुलाला एकटं पाठवायला नको होतं, आणि तुमचं काम बसून बघितल्याशिवाय यंत्र उघडायलाच नको होतं. हे मी आळीत येऊन सांगते."

आणि आल्या. सभागृहात तेवीस माणसं आणि त्यांच्या घरच्या बायका बसल्या होत्या. बाईंनी उभं राहून सांगितलं की हे सगळे कागद रद्द, परीक्षा पहिल्यापासून घ्यायची, आणि दोष आमचा आहे, तुमचा नाही. त्या बोलत होत्या, मी शेजारी उभी राहून हातवारे करून माणसांना समजावत होते. एकेकाचा चेहरा उतरत गेला. एका म्हाताऱ्या तांबटानं पास झाल्याचा कागद घडी करून खिशात ठेवला होता, तो काही केल्या परत देईना. मला बाईंचा राग यायला हवा होता, पण त्यांनी मान खाली घातली नाही की सबब सांगितली नाही, म्हणून येईना. माझी स्वतःची सहीही होतीच की त्या कागदावर. जागच्या जागी सांगा म्हणून मीच अडून बसले होते.

आई शेवटच्या रांगेत होती. सगळे उठल्यावर बाईंजवळ आली आणि म्हणाली, "पुन्हा तपासाल तेव्हा मला तिथे बसू द्या. मला माझ्या कानांनी ऐकायचंय."

बाई म्हणाल्या, या.

विद्यापीठातली ती खोली मी विसरणार नाही. भिंतींना जाड गाद्या लावलेल्या, मधे मोठी काच. काचेच्या आत खुर्चीवर अप्पा, धुतलेला सदरा घालून. काचेच्या अलीकडे यंत्रापाशी टिपणीसबाई, त्यांच्या एका बाजूला आई, एका बाजूला मी. बाईंनी असं केलं होतं की अप्पांच्या कानात जाणारा आवाज आम्हालाही ऐकू यावा.

पहिला आवाज झाला. बारीक. अप्पांचं बोट हललं नाही. बाई थांबल्या, मग लागोपाठ दोन दिले, मग बराच वेळ एकही नाही. अप्पांना अंतर सापडेना. एक-दोनदा बोट उठलं ते भलत्याच वेळी, सगळं शांत असताना. बाई आवाज वाढवत गेल्या. आमच्याकडे तो चांगला खणखणीत यायला लागला. आत अप्पा शांत बसलेले.

"मला तर येतोय ऐकू," आई हळूच म्हणाली.

बाईंनी यंत्र थांबवलं. समोरचा बोलण्याचा दांडा आईपुढे सरकवला आणि म्हणाल्या, आता तुम्ही बोला, तुमचा आवाज थेट त्यांच्या कानात जाईल. नेहमी बोलता तसं बोला.

आईनं दांड्याला हात लावला, काढला. माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "अहो."

अप्पा समोरच्या भिंतीकडे बघत होते.

"अहो, वर या."

मला वाटलं आता तिला धरावं. पण ती हलली नाही. बाईंनी आवाज वाढवला. ती पुन्हा म्हणाली. पुन्हा वाढवला, पुन्हा म्हणाली. "अहो, वर या. पोर बघा कसं करतंय." तोंडातून ते शब्द अगदी साधे आले, काल म्हटल्यासारखे. सातव्या हाकेला, यंत्र जवळजवळ टोकाला गेलं तेव्हा अप्पांनी दचकून बोट वर केलं, आणि आमच्याकडे बघून हसले.

आईनं त्यांच्याकडे बघत तेच शब्द आणखी एकदा ओठांतल्या ओठांत म्हटले आणि दांड्यावर डोकं टेकवून रडली. सुटका झाल्यासारखी रडली. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. अप्पा काचेतून बघत होते, त्यांचं हसू हळूहळू मावळलं.

आईला तोंड धुवायला पाठवून मी बाईंना गाठलं. विचारलं, म्हणजे त्या दिवशीही त्यांना ऐकू आलं नसणार, हो ना? बाई म्हणाल्या, "सिंधूताई, तुम्ही मला खोटं चालणार नाही म्हणून सांगितलंय. हा कागद आजचा आहे. चौदा वर्षांपूर्वी त्यांचे कान किती गेले होते, ते यंत्र सांगू शकत नाही. त्यांना स्वतःलाच ठाऊक." मी म्हटलं, ठीक आहे, हे आईला सांगायची काही गरज नाही. त्या यंत्र आवरायला लागल्या.

विभागाच्या इमारतीमागे एक मोकळं अंगण होतं. कडेला कट्टा, पलीकडे पाण्याचा नळ. आई नळाशी तोंड धूत होती. मी आणि अप्पा कट्ट्यावर बसलो. जेवणाचा डबा मी बरोबर आणला होता, तो मधे ठेवला. अप्पांनी त्याला हात लावला नाही.

"ती काचेतून काय म्हणत होती ते दिसलं मला," ते म्हणाले. "मला ओठ वाचता येतात."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"सिंधे, त्या दिवशी मला ऐकू आलं होतं."

अप्पांना आपला आवाज किती मोठा आहे हे कळायचं नाही, सांगितलंच. पलीकडे माळी खुरपत होता, त्यानं मान वर करून बघितलं. मी घाईनं तोंडावर बोट ठेवलं. त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं.

"पहिली हाक ऐकू आली. वाटलं, चहाला बोलावते. दुसरीही आली. बंबाच्या दोन फेऱ्या राहिल्या होत्या, मधे सोडलं असतं तर पत्रा बिघडला असता. म्हटलं, एवढं झालं की जातो. मग हाका थांबल्या, मला वाटलं, कंटाळून गप्प बसली. नंतर लोकच म्हणायला लागले, तांबटाला काय ऐकू येणार. ती स्वतःच सगळ्यांना सांगायला लागली. मी फक्त नाही म्हटलं नाही. एवढंच केलं मी. तेव्हापासून कामाला बसताना कानात कापसाचे बोळे घालायचे सोडले. म्हटलं, जाऊ देत, जायचे तर पुरते जाऊ देत."

मी नळाकडे बघितलं. आई पाठमोरी होती. ओंजळ भरून वाहत होती, ती ओंजळ तोंडाकडे जात नव्हती. दहा पावलांवर होती ती, आणि माळी तिच्याही पलीकडे होता. तिनं नळ बंद केला. पदरानं तोंड पुसलं, नीट, सावकाश. मग आली आणि कट्ट्यावर, अप्पांच्या आणि माझ्या मधे बसली. तिचे डोळे माझ्या डोळ्यांना भिडले आणि मला कळलं की तिनं शब्दन् शब्द ऐकला आहे.  आता ती उठेल, असं मला वाटत होतं. मामाच्या गावची एसटी चारला सुटायची होती आणि पिशवी अजून माझ्याकडेच होती.

त्याच वेळी जयदीप कागद घेऊन आला. बिचारा आता फार जपून बोलायचा. म्हणाला, सगळं भरलंय, एकच रकाना राहिलाय. ऐकू कमी येऊ लागल्याला किती वर्षं झाली? तो घरच्यांना विचारून प्रतिनिधीनं भरायचा असतो.

लेखणी त्यानं माझ्या हातात दिली. मी अप्पांकडे बघितलं. त्यांना काय चाललंय ते कळत नव्हतं. सरकारपुढे जाणारा कागद, टिपणीसबाईंची सही, खाली माझी सही. 

"एकोणीस वर्षं," आई म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं.

"एकोणीस लिही. कुंदा व्हायच्या आधीपासून." तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही. "पार बहिरे होते तेव्हापासूनच. मला नाही का माहीत? मी त्यांची बायको आहे."

मी एकोणीस लिहिलं. आळीत पुढे दवाखाना झाला, अप्पांना आणि काशीकाकांना यंत्रं मिळाली, टिपणीसबाईंचा अहवाल छापून आला. त्यातले सगळे आकडे खरे आहेत, एक सोडून. तो मी माझ्या हातानं घातलेला आहे.

जयदीप कागद घेऊन गेला. अप्पांनी मोठ्यानं विचारलं, काय विचारत होता तो?

आई उठून त्यांच्या समोर उभी राहिली, त्यांना ओठ दिसतील अशी. "काही नाही," ती म्हणाली. "जेवून घ्या म्हणतो." आणि डबा उघडून तिनं पहिली पोळी त्यांच्या हातावर ठेवली.